गुरुपौर्णिमेला मुलं तबला वाजवणार: पालकांच्या हातात काय काय असतं?

समेवर_या | २१ जून, रात्री ९:१०

आषाढ जवळ आला की तबल्याच्या क्लासात गुरुपौर्णिमेची गडबड सुरू होते. पंधरा-वीस मुलं ओळीत, हार्मोनियमवर लेहरा (सारखी फिरत राहणारी धून), त्रितालात (१६ मात्रांचा, म्हणजे ठोक्यांचा ताल) एखादा कायदा (ठरावीक बोलांची रचना), चार पलटे (त्याच बोलांची उलटापालट), तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून शेवट). वाजवायला शिकवणं हे गुरुजींचं काम. पण वाद्य, बैठक, घरचा रियाज आणि कार्यक्रमाच्या दिवशीची पळापळ पालकांकडे येते, आणि निम्म्याहून अधिक पालकांना तबल्यातलं ओ की ठो कळत नाही.

दरवर्षी तेच प्रश्न येतात म्हणून एकत्र धागा काढतोय. पावसात तबल्याचा सूर सारखा उतरतो, काय करायचं? हातोडी पालकांनी हातात घ्यावी की नाही? स्टेजवर मूल चुकलं तर? "आमच्या पिंट्याने कशी बाजी मारली" छापाचे किस्से कृपया दुसरीकडे. इथे फक्त कामाचं लिहा.

---

चाट_लव_शाई | २१ जून, रात्री १०:३५

सुरुवात मापापासून करू, कारण ओळीत बसवलेल्या मुलांचा सूर जुळत नाही त्याचं पहिलं कारण दुकानातच घडलेलं असतं.

तबल्याच्या तोंडाचा व्यास मोजायचा, पुडीच्या (वरच्या कातड्याच्या) एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. ५.२५ ते ५.५ इंच असेल तर काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) तो आरामात लागतो, म्हणजे सुरात येतो. ५ इंची तबला काळी दोनच्या आसपास खुलतो. ५.७५ ते ६ इंच म्हणजे पांढरी सात, काळी पाच. बहुतेक क्लासात काळी एक ठरलेली असते. अशा वेळी "मोठा घेतला तर मोठेपणीही चालेल" म्हणून ६ इंची आणला, की तो काळी एकपर्यंत ओढता ओढता पुडी जाते. शाळेच्या बुटांचा हिशोब इथे लावू नका. घेण्याआधी गुरुजींना एकच विचारा: सूर कोणता?

खोड (तबल्याचं लाकडी अंग) शिसवाचं किंवा बिवळ्याचं, जड असलेलं बरं. हलक्या खोडाचा तबला गुंजत नाही, "ना" हा बोल वाजवला की लगेच मरतो. डग्गा (डाव्या हाताचा) पितळी किंवा तांब्याचा उत्तम. स्टीलचा स्वस्त मिळतो, पण त्याचा आवाज पातेल्याच्या वळणाचा.

शाईवर (पुडीच्या मधल्या काळ्या गोलावर) बारीक भेगांचं जाळं दिसलं तर घाबरू नका. ते तसंच असायला हवं. लोहचूर्ण आणि खळीचे थर एकावर एक देऊन दगडाने घोटतात तेव्हा त्या भेगा पडतात आणि त्यांच्यामुळेच शाई कातड्याबरोबर लवते. या भेगांत गोंद भरणारे पालक आहेत, म्हणून मुद्दाम लिहितोय. शाईचा खडा उडाला असेल किंवा बोट लावताच खरखर ऐकू येत असेल, तर मात्र पुडी बदलायला झाली.

---

डग्गेवाली | २२ जून, सकाळी ८:०५

चाट_लव_शाई, खडा उडालेला तबला कितीही ठोका, लागत का नाही, तेही सांगून टाकते. नुसत्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोलाला नेमका सूर नसतो. मधल्या शाईच्या वजनामुळे ते सुसंवादी होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली यावर लिहिलं होतं. खडा उडाला की वजनाचा तोल जातो आणि एका तबल्यातून दोन सूर ऐकू यायला लागतात. पालक म्हणतात "गठ्ठे सैल झालेत". गठ्ठ्यांचा (बाजूच्या पट्ट्यांखाली अडकवलेल्या लाकडी ठोकळ्यांचा) काही दोष नसतो.

आता पाऊस. कातडं हवेतली ओल पितं, ताण कमी होतो आणि तबला उतरतो. एसी हॉलमध्ये किंवा दिव्यांखाली ते वाळतं आणि तबला चढतो. म्हणजे घरी लावलेला तबला रिक्षातून ओल्या हवेत उतरलेला असतो, हॉलवर पोचून लगेच लावला की अर्ध्या तासाने तोच वर गेलेला असतो. दोन्ही वेळा ठोकून ठोकून गजरा (पुडीच्या कडेची वेणी) खचतो.

म्हणून हॉलवर तासभर आधी पोचायचं. कव्हर काढायची आणि सगळे तबले स्टेजवर, ते जिथे वाजणार त्याच जागी, दिवे आणि एसी चालू करून अर्धा तास ठेवायचे. मग लावायचे. पडदा उघडायच्या पाच मिनिटं आधी एकदा तपासायचं, तेव्हा फक्त गजऱ्यावर एखाद-दुसरा ठोका.

घरी ओल असेल तर बंद कपाटात विजेचा दिवा लावून ठेवतात ते चालतं, दिवा हातभर लांब हवा. केस वाळवायचा ड्रायर शाईवर धरू नका, वरचा थर तडकतो. उन्हात ठेवलेल्या गाडीत तर अजिबात नको. तिथे पुडी फाटल्याचं कळतं ते थेट क्लासात कव्हर उघडल्यावर.

---

पार्ले_पूर्व | २२ जून, सकाळी ११:२०

हातोडीबद्दल माझं स्पष्ट मत: पालकांनी लावू नये. चुकीचा ठोका चाटीवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) बसला की पुडी गेली, खोडाच्या कडेवर बसला की लाकडाला खाच. क्लासात आठवड्यातून दोनदा गुरुजी लावून देतातच.

---

चाट_लव_शाई | २२ जून, दुपारी १:४५

पार्ले_पूर्व, आठवड्यातले उरलेले पाच दिवस मूल बेसूर तबल्यावर रियाज करतं त्याचं काय? कान त्याच वयात तयार होतो. शिवाय उतरलेल्या तबल्यावर "ना" स्वच्छ निघत नाही, मग मूल जोर लावतं आणि हात आखडतो. बिघडलेल्या हाताचं खापर आपण मुलाच्या आळसावर फोडतो.

शिकायला एक रविवार पुरतो, पहिल्या वेळी गुरुजी शेजारी हवेत. तबल्याला वादीची (ताणलेल्या कातडी पट्टीची) १६ घरं, म्हणजे ती गजऱ्यात ओवलेल्या जागा, आणि ८ गठ्ठे असतात. सूर खूप खाली असेल तर गठ्ठे, थोडा फरक असेल तर गजरा. गठ्ठा खाली सरकवला की तबला चढतो, वर घेतला की उतरतो. गजऱ्यावर वरून खाली ठोकलं की चढतो, खालच्या बाजूने वर ठोकलं की उतरतो. ठोका गजऱ्याच्या वेणीवरच, हलका, मनगटातून. हातोडीला आधी चुंबळीच्या (तबल्याखालच्या गोल बैठकीच्या) कापडावर चार ठोके मारून हाताचा अंदाज घ्या.

गोल फिरत क्रमाने ठोकू नका. पहिलं घर, मग समोरचं नववं, मग पाचवं, मग तेरावं. असे समोरासमोर ठोके दिले नाहीत तर पुडी एका बाजूला ओढली जाते. प्रत्येक घराशी चाटीवर "ना" वाजवून बघायचं. अनामिका शाईच्या कडेवर हलकी टेकलेली, तर्जनी चाटीवर. जिथे सूर खाली वाटेल त्याच घराला ठोका. सगळीकडे "ना" सारखा आला म्हणजे तबला घरात आला. बऱ्याचदा सूर बरोबर असतो, घरं बिघडलेली असतात.

अजून एक. लेहरा ज्या हार्मोनियमवर वाजणार, तिच्याशीच तबला जुळवा. जुन्या पेट्यांची काळी एक मोबाईलच्या काळी एकशी तंतोतंत जुळेलच असं नाही. मोबाईल म्हणतो बरोबर आणि स्टेजवर कानाला खुपतं, ते यामुळे.

---

पार्ले_पूर्व | २२ जून, दुपारी २:३०

गजऱ्यापुरतं मान्य. गठ्ठ्यांना हात लावणं मात्र गुरुजींवरच सोडा.

---

तिहाई_तज्ञ | २२ जून, रात्री १०:५०

वाद्याचं झालं. आता घरचा रियाज, कारण कार्यक्रम तिथेच ठरतो.

सात-आठ वर्षांच्या मुलाला सलग तासभर बसवू नका. २० मिनिटं सकाळी, २० संध्याकाळी. तबला १० ते ११ इंच उंच असतो, लहान मुलाचे खांदे वर उचलले जातात आणि मान आखडते. बुडाखाली पाट किंवा घट्ट उशी देऊन दोन-तीन इंच उंच बसवा. कोपर पुडीच्या पातळीच्या किंचित वर यायला हवं. बोटाची कातडी जाड होणं ठीक. मनगट किंवा दंड दुखत असेल तर रियाज थांबवून गुरुजींना दाखवायचं, "सवय होईल" म्हणायचं नाही.

लेहरा लावून वाजवल्याशिवाय कार्यक्रमाची तयारी होत नाही. फोनवरच्या लेहऱ्याच्या अ‍ॅपमध्ये त्रिताल लावा, चंद्रकंसचा लेहरा सोपा पडतो, त्यात सम (तालाची पहिली मात्रा) ठळक ऐकू येते. मिनिटाला ६० मात्रांपासून सुरू करा आणि चार-चार मात्रांनी वाढवा. समजा क्लासाने कायदा घेतलाय:

धा धा ति ट धा धा तू ना
ता ता ति ट धा धा धिं ना

बरोबरीत (मात्रेला एक अक्षर) हे एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी. मिनिटाला ८० मात्रांचा लेहरा असेल तर दुगुनीत मिनिटाला १६० अक्षरं होतात, चौगुनीत ३२०. चौगुनीतला "तिट" ज्या लयीत दोन वेगळी अक्षरं म्हणून ऐकू येतो, ती त्या मुलाची लय. कार्यक्रमाची लय ओळीतल्या सगळ्यात हळू मुलाच्या लयीवर ठरवायची आणि तो आकडा पेटीवाल्याला कागदावर लिहून द्यायचा. "मध्य लयीत घ्या" म्हटलं की प्रत्येकाची मध्य लय वेगळी असते.

पढंत रोज. हाताने टाळी आणि खाली (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा) दाखवत बोल म्हणायचे: सम १, टाळी ५, खाली ९, टाळी १३. हे पालकांनाही येतं, दोन दिवसांत. जे तोंडाने अडखळतं ते बोटांनी अडखळणारच.

आता तिहाई, कारण सगळी पडझड तिथे. शेवटचा "धा" पुढच्या समेवर, म्हणजे १७व्या मात्रेवर यायला हवा. समेपासून उचललेली साधी तिहाई अशी:

तिट कत गदि गन धा – तिट कत गदि गन धा – तिट कत गदि गन धा

एकेक तुकडा ५ मात्रांचा, तीन मिळून १५, मधले दोन थांबे एकेक मात्रेचे. १५ आणि २, १७. घाईत मूल थांबा गिळतं. शेवटचा "धा" १६व्या मात्रेवर आला तर एक थांबा गिळला, १५व्यावर आला तर दोन्ही. पालकाने हातावर मात्रा मोजल्या की नेमकी चूक सांगता येते. नुसतं "चुकलास, परत वाजव" म्हणून काही होत नाही. उपाय म्हणजे थांब्याच्या मात्रेवर मुलाने मोठ्याने "एक" म्हणायचं. आठवडाभर. मग मनात.

तेच बोल दुप्पट वेगात "तिटकत गदिगन धा" असे घेतले तर एक तुकडा ३ मात्रांचा, तीन मिळून ९, थांबा नाही. मग तिहाई खालीवरून, ९व्या मात्रेवर उचलायची. पहिल्या कार्यक्रमाला यातली कोणतीही एकच ठेवा. दोन्ही शिकवल्या की ऐन वेळी बोल एकीचे आणि जागा दुसरीची, असं होतं.

---

समेवर_या | २३ जून, सकाळी ७:३०

तिहाई_तज्ञ, १६ आणि १५ची ही खूण भारी आहे. फ्लॅटमध्ये शेजारी तक्रार करतात, त्यावर काही?

---

डग्गेवाली | २३ जून, सकाळी ९:१५

आवाज हवेतून जातो त्यापेक्षा डग्ग्याचा घुमारा फरशीतून खालच्या घरात जास्त जातो. चुंबळीखाली जाड गादी घाला, नुसती सतरंजी पुरत नाही. भिंतीला टेकून बसवू नका. दुपारी दोन ते चार टाळलं की निम्मी भांडणं मिटतात. रात्री मांडीवर हात ठेवून पढंत.

डग्ग्यावरून आठवलं. त्याला तबल्यासारखा नेमका सूर लावत नाहीत, पण "ढिला तेवढा घुमतो" हाही गैरसमज आहे. फार ढिला असला की मूल घुमारा काढायला मनगट दाबतं आणि "घे"चा "के" होतो.

---

डब्लिनकर | २३ जून, दुपारी ३:४०

इथल्या आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळांत मुलं गणपतीत आणि दिवाळीत वाजवतात, त्यांच्यासाठी उलटा त्रास लिहितो. हिवाळ्यात हीटरने घरातली हवा कोरडी ठाक होते, तबला आपोआप चढत जातो आणि एका सकाळी पुडी गजऱ्याजवळ फाटलेली मिळते. रियाज झाला की गठ्ठे थोडे वर घ्या, ताण कमी करा. खोलीत आर्द्रता ४० ते ६० टक्के राहील असं यंत्र लावा, तबला हीटरच्या बाजूला नको.

पुडी बदलून देणारा जवळपास नसेल तर वादीऐवजी नटबोल्टचा तबला विचारात घ्या. पाना फिरवला की सूर लागतो, पुडीही घरी बदलता येते. जाणकार नाकं मुरडतात, वजनही जास्त. पण आठ वर्षांच्या मुलाचा रियाज त्यावाचून तीन महिने अडणं वाईट.

विमानातून आणताना गठ्ठे सैल करा, पुडीवर जाड पुठ्ठ्याची चकती आणि टॉवेल, डग्गा तबल्यावर कधीच नको. हातोडी हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

---

माईकवाला | २३ जून, रात्री ८:२५

ध्वनिव्यवस्था करतो, त्या बाजूने लिहितो. मुलं स्टेजवर चुकतात त्यातली बरीचशी लेहरा ऐकू न आल्यामुळे.

ओळीत पंधरा तबले वाजायला लागले की पेटी बुडते. मुलांसमोरच्या मॉनिटरमध्ये (स्टेजवरच्या स्पीकरमध्ये) फक्त लेहरा द्यायचा, तबला अजिबात नाही. दोन मॉनिटर, ओळीच्या दोन्ही टोकांना, मुलांकडे तोंड करून. पेटीवाला ओळीच्या मध्ये बसवा. कडेला बसवलात तर दुसऱ्या टोकाची मुलं शेजाऱ्याकडे बघून वाजवतात आणि पाव मात्रा मागे राहतात.

प्रत्येक तबल्याला माईक नको. पंधरा तबल्यांना तीन-चार माईक समोरून पुरतात. एकटं मूल वाजवणार असेल तर दोन माईक: तबल्याला १५ ते २० सेंटिमीटर वरून, चाट आणि शाईच्या मधल्या भागाकडे रोखलेला, आणि डग्ग्याला तेवढ्याच अंतरावर. जवळ आणलात तर बोट माईकवर आपटतं. शिट्टी किंवा घूं असा आवाज आला तर आधी डग्ग्याचा माईक आणि खालचे सूर कमी करा, बहुतेक वेळा तोच गुन्हेगार.

मंडळाच्या साउंडवाल्याला पालकांनी इतकंच सांगायचं: "मुलांना पेटी ऐकू आली पाहिजे." आपल्याला तबला मोठा हवा असतो. त्या मोहात पडू नका.

---

पार्ले_पूर्व | २४ जून, सकाळी १०:००

किरकोळ पण दरवर्षी नडणारं लिहितो.

नखं दोन दिवस आधी कापा. आदल्या रात्री खोल कापलेलं बोट चाटीवर झोंबतं. झब्ब्याच्या बाह्या मनगटाच्या वर दुमडून टाचून घ्या. घड्याळ, कडं, हाताचा गंडा काढा. हातांना तेल किंवा लोशन नको. पावडर चिमूटभर, तीही तळहाताला. पुडीवर डबा उपडा करण्याची पद्धत बंद करा, शाईच्या भेगांत ती पावडर आणि घाम मिळून लगदा बसतो आणि आवाज बसका होतो. कार्यक्रमानंतर कोरड्या सुती फडक्याने पुसायचं, ओल्या नाही.

मांडी घालून पाऊण तास वाट बघत बसलेल्या मुलाचे पाय बधिर होतात. लहान मुलांचा क्रम आधी लावून घ्या, नाहीतर स्टेजवर जाण्याआधी दहा मिनिटं उभं करा.

---

नवीन_पालक | २४ जून, दुपारी १२:४०

मधेच विचारते, गांधर्वची (संगीताची) परीक्षा आणि कार्यक्रम एकत्र झेपतं का? दहावीला गुण मिळतात म्हणून आत्तापासून बसवा असं सगळे म्हणतात.

---

तिहाई_तज्ञ | २४ जून, दुपारी २:१५

ताई, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण, मग अलंकार. गुरुपौर्णिमा त्या दोन सत्रांच्या मधे येते, म्हणून टक्कर नसते. उलट पढंत आणि ठेके (तालाचे मूळ बोल) दोन्हीकडे लागतातच. दहावीच्या वाढीव गुणांचे नियम शाळेतून ताजे विचारून घ्या. पण गुणांसाठी दर सत्राला एक परीक्षा असा धडाका लावलात तर मूल ठेके घोकतं आणि निकास (बोल स्वच्छ काढणं) कच्चा राहतो. तो पुढे दुरुस्त करायला दोन वर्षं जातात.

---

नवीन_पालक | २४ जून, दुपारी ४:०५

आभार. आणि स्टेजवर चुकलाच तर? मी पहिल्या रांगेत बसून हाताने ताल दाखवू का?

---

तिहाई_तज्ञ | २४ जून, रात्री ९:३०

नको! मूल तुमच्या हाताकडे बघायला लागतं आणि कान बंद होतात. त्यात तुमचा हात घाबरून पुढे पळतो, मूलही पळतं.

चुकल्यावर काय करायचं याचाच रियाज घ्या, चुकू नये याचा नव्हे. घरी लेहरा चालू असताना मधेच मुलाला "थांब" म्हणा. हात मांडीवर, लेहरा चालू. मुलाने ऐकून सम ओळखायची आणि समेपासून साधा ठेका धरायचा:

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा
धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

एक आवर्तन ठेका, मग कायदा पुन्हा पहिल्यापासून. रोज तीन वेळा, वेगवेगळ्या जागी थांबवून. कधी तिहाईच्या मधेच. पंधरा दिवसांत मूल चार-पाच मात्रांतच सम पकडायला लागतं. मग स्टेजवर हात सुटला तरी ऐकणाऱ्याला वाटतं, ठेका मुद्दामच धरलाय.

थांबवताना ओरडू नका. नाहीतर त्याला सम सापडण्याऐवजी तुम्ही सापडता.

---

डग्गेवाली | २४ जून, रात्री ९:५५

आणि कार्यक्रमाच्या दिवशी हातोडी, जादा चुंबळ, कोरडं फडकं आणि एक चांगला लागलेला जादा तबला विंगेत ठेवा. जादा तबला ५.२५ इंचीच. ऐन वेळी कोणाची तरी पुडी दगा देतेच.